भिंतीपलीकडचा ठोका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य इमारतींच्या पोटात जातं. बाकीचे लोक दारातून आत येतात, पायपुसण्याला पाय पुसतात, लिफ्टच्या आरशात केस नीट करतात आणि वर निघून जातात. हा मात्र तळघरातून शिरतो आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून बाहेर पडतो. मधल्या अंधाऱ्या विहिरीत दोर लोंबत असतात, ग्रीसचा वास भरलेला असतो. ते त्याचं राज्य. माणसं काय मिरवतात ते दिवाणखाना सांगतो आणि त्यांना काय टाकवत नाही ते तळघर सांगतं. या लिफ्टवाल्याने उभ्या आयुष्यात जे काही धन जमवलं, ते अशाच टाकवत नाही म्हणून ठेवलेल्या ढिगाऱ्यांतून जमवलं.

धन म्हणजे सोनंनाणं नव्हे. ड्रम. जुने, लाकडी, कडेला गंज धरलेले, कातडं फाटलेले, कुणाच्या तरी तारुण्यात दणदणून आता कोपऱ्यात पडलेले ड्रम.

पहिला ड्रम त्याला एका सरकारी कचेरीच्या गच्चीवर सापडला. मशीनच्या खोलीत गिअरमधून तेल ठिबकत होतं आणि ते जमिनीवर पडू नये म्हणून पहारेकऱ्याने खाली एक चपटं गोल भांडं ठेवलं होतं. तेलाचा थेंब त्यात पडला की 'टप्' आवाज यायचा, पण त्या टपच्या मागे एक बारीकशी शिरशिरीही यायची. डब्यात पडलेल्या थेंबाला अशी शिरशिरी नसते. लिफ्टवाल्याने वाकून पाहिलं, तर ते भांडं नव्हतंच. मांडीजवळ ठेवून वाजवतात तो स्नेअर होता. त्याच्या पोटाखाली तारांची जाळी अजून ताणलेली होती. वर्षानुवर्षं तेल पीत होता बिचारा, तरी प्रत्येक थेंबाला उत्तर देत होता.

"हे नेऊ का?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"ने की," पहारेकरी म्हणाला. "पण तेलाखाली ठेवायला दुसरं काहीतरी आणून दे. नाहीतर साहेब म्हणतील, गच्चीवरून चोरी झाली."

लिफ्टवाल्याने घरातलं पीठ मळायचं पितळी भांडं नेऊन दिलं. त्या भांड्याचा विषय त्याच्या घरात अजून निघतो.

त्याची बायको एका मोठ्या कार्यालयात फोन घेण्याचं काम करते. दिवसभर एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला साहेब. घरी आल्यावर तिला काही नको असतं, फक्त शांतता हवी असते. तिच्या नशिबी नेमका हा माणूस आला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात मागची एक खोली ड्रमांनी भरली. मग पलंगाखालची जागा भरली. एका बिनकातड्याच्या ड्रममध्ये ती कांदे ठेवू लागली, दुसऱ्यात धुवायचे कपडे. जिन्यात खेळणारी पोरं त्याला ढमढमकाका म्हणू लागली, आणि तिला ढमढमकाकू.

"लोकांच्या नवऱ्यांना व्यसनं असतात," ती शेजारणीला सांगायची. "ते निदान बाहेर जाऊन करतात."

पण एखाद्या रविवारी तो आजारी असला आणि मागच्या खोलीतून काही वाजलं नाही, तर हीच बाई दोनदा दार ढकलून बघायची.

त्याला ही ओढ कुठून लागली, ते सांगायला हवं. तो अगदी पोरसवदा होता, उस्तादाच्या हाताखाली नुकता लागला होता. गावातल्या एकुलत्या एक मोठ्या हॉटेलात लिफ्टचं काम निघालं. उस्ताद वर, हा खाली, विहिरीत, पाठ भिंतीला लावून. भिंतीच्या पलीकडे नाचाचा हॉल होता आणि तिथे संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी कुणीतरी एकटाच ड्रम वाजवत बसला होता. विटा आणि चुना यांच्यातून आवाज गाळून येत होता. वरचे चकचकीत आवाज भिंतीत अडकून राहिले आणि आत पोचला तो फक्त गाभा. धप्, टक्, धप-धप्, टक्. आणि मग एक ठोका गाळलेला, जसा माणूस गप्पांच्या नादात जिना उतरताना एक पायरी सोडतो आणि तरी पडत नाही. ती मोकळी जागा त्याच्या छातीत जाऊन बसली. वरून उस्ताद ओरडत होता, "अरे, दोर धरलास का झोपलास?" आणि हा कान भिंतीला लावून उभा.

वाजवणाऱ्याचं तोंड त्याने पाहिलं नाही. मळक्या कपड्यांनी हॉलमध्ये जायची त्याची हिंमत झाली नाही. पुढे ते हॉटेल बंद पडलं, तिथे बँक आली. पण त्या दिवसापासून त्याला एक सवय लागली. लिफ्ट दुरुस्त झाली, दार नीट सरकलं, की पान्याच्या मुठीने दारावर तोच ताल वाजवायचा, गाळलेल्या ठोक्यासकट. ही त्याची सही. गावातल्या कितीतरी इमारतींत लोक तो आवाज ऐकून म्हणत, "झाली लिफ्ट." कागदावर त्याची सही घ्यायचं मग कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

ड्रम तो आपला आपणच शिकला. चुकत शिकला, म्हणून पक्का शिकला. एकदा एक जुनी झांज त्याने घासून घासून आरशासारखी केली आणि वाजवून पाहिली, तर तिचा आवाज पातळ होऊन गेला होता. दाटपणा तिच्या काळपटपणातच होता, तो त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला. तेव्हापासून वरच्या रंगाला, डागांना, झिजेला तो हात लावत नसे. रविवारी त्याचा दोस्त पोस्टमन गिटार घेऊन यायचा आणि दोघं मागच्या खोलीत तासन्‌तास वाजवायचे. खालच्या मजल्यावरचे मास्तर छताला काठी मारून निषेध करायचे. पोस्टमन म्हणायचा, "मास्तरांचा हात चांगला आहे. फक्त ताल धरत नाहीत."

तर एक दिवस लिफ्टवाल्याला बोलावणं आलं. बाजाराच्या मागच्या जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आत माणूस होतं. तो धावतच पोचला आणि दाराला तोंड लावून विचारलं, "आत कोण आहे?"

"मी आहे आणि माझी भाजीची पिशवी आहे," आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "मी ठीक आहे. पिशवी घाबरलीय."

"घाबरू नका मावशी. दोर जाड आहेत."

"दोर असतील हो जाड. मीही काही बारीक नाही."

लिफ्टवाल्याला हसू आलं. "आता मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो. लिफ्ट हळूहळू खाली येईल. दचकू नका. निघायच्या आधी मी दारावर असं वाजवतो, म्हणजे समजा की माणूस कामाला लागला." आणि त्याने पान्याच्या मुठीने आपली सही वाजवली. धप्, टक्, धप-धप्, टक्.

आत एकदम शांत झालं. पिशवीची खसखससुद्धा थांबली. मग आतून, बोटाच्या पेराने, पत्र्यावर उत्तर आलं. तोच ताल. गाळलेला ठोका अगदी तिथेच गाळून, आणि त्याच्या पुढचा तुकडाही, जो लिफ्टवाल्याला कधीच नीट आठवला नव्हता. त्या दिवशी विहिरीत उस्तादाने नेमकी तेव्हाच हाक मारली होती.

त्याने चाक कसं फिरवलं, लिफ्ट खाली कशी आणली, त्याचं त्याला कळलं नाही. दार उघडलं तर आत एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई उभी. तिने पिशवी खाली ठेवली आणि आभार वगैरे न मानता विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, मावशी. भिंतीपलीकडून ऐकलं होतं. हॉटेलात, लिफ्टच्या विहिरीत. वाजवणारा कोण होता, ठाऊक नाही."

मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. पदराने चष्मा पुसला. "आमचे हे होते," म्हणाल्या. "आणखी कोण असणार. असा ठोका गाळायचा आगाऊपणा दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही."

लिफ्टवाला त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. एवढी वर्षं कुणाचे तरी आभार मानायचे राहिले होते. तो माणूस आता जगात नाही हे त्याला कळलं, आणि त्याचे आभार कुठे नेऊन ठेवावेत हेही त्याच क्षणी कळलं.  त्याने भाजीची पिशवी उचलली आणि दारांवरच्या आपल्या सहीची गोष्ट सांगत ती त्यांच्या घरापर्यंत नेली.

घरात आवराआवर चालली होती. भिंतीवर चित्रांच्या जागी चौकोनी पांढरे डाग उरले होते. मावशी दूरच्या शहरात लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, घर दुसऱ्याला दिलं होतं. आतल्या खोलीत जुन्या चादरी पांघरून एक उंचवटा उभा होता. त्यांनी चादरी ओढल्या. आख्खा ड्रमसेट. निळा, कधीकाळी चकचकीत, आता पहाटेच्या आभाळासारखा फिका पडलेला. पायाने वाजवायचा मोठा ड्रम, त्यावर दोन लहान, बाजूला स्नेअर, झांजा. स्नेअरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचं मनगट टेकतं, तिथला रंग उडून लाकूड दिसत होतं.

"मागच्या आठवड्यात एक हॉटेलवाला आला होता," मावशी म्हणाल्या. "याची टेबलं करतो म्हणाला. वर काच टाकून. ह्यांनी मला यावर कधी शिवलेल्या कपड्यांची घडी ठेवू दिली नाही, आणि हा लोकांना चहाचे कप ठेवायला देणार! मी म्हटलं, दार तिकडे आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही न्या."

लिफ्टवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पण एक अट आहे. मी ह्यांना वाजवताना कधी पाहिलं नाही. हॉटेलात मी गेले नाही. घरी वाजवायचे ते या खोलीत, आणि मी पलीकडच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर. लोकांचे कपडे वेळेवर द्यायला नकोत? संसारभर मी ह्यांना भिंतीपलीकडून ऐकलं. तर हे तुमच्या घरी मांडा, आणि मला पलीकडच्या खोलीत बसवून एकदा ऐकवा. जायच्या आधी. होतं तसं."

"होतं तसंच, मावशी," लिफ्टवाला म्हणाला. "माझा शब्द."

शब्द देताना माणसाला शब्दाचं वजन कळत नाही, उचलताना कळतं.

त्या रात्री त्याची बायको दारात उभी राहून एकेक ड्रम आत येताना बघत होती. "अजून?" तिने विचारलं. त्याने सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मग तो मागचा पंखा हलवा. त्या मोठ्याला जागा होईल."

पुढचे दिवस तो कामावरून आला की त्या ड्रमांपुढे बसायचा. निळ्या रंगाला त्याने हात लावला नाही, मनगटाच्या डागाला तर नाहीच. स्क्रूंना तेल दिलं, गंजलेलं पेडल मोकळं केलं, फाटायला आलेली कातडी ओलसर फडक्याने हळूहळू सावरली. मग मोठा ड्रम उघडला. बाकीच्या ड्रमांचे स्क्रू सोडवायला छोटी चावी लागते, याचे हाताने पिळून सुटतात. आत पाहिलं तर तळाशी एक काळपट, धुळीने माखलेला, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेला कापडी गठ्ठा पडला होता. त्याने नाक मुरडलं. अडगळीत ठेवताना कुणीतरी कचरा कोंबला असावा, असं त्याला वाटलं. इतका सुंदर ड्रम, आणि पोटात चिंध्या! कारखान्यातून निघाला तेव्हा हे थोडंच होतं? जुन्या वस्तू जमवणाऱ्याचा हा एक अहंकार असतो. वस्तू जन्मली तशी हवी असते त्याला, जगली तशी नव्हे. त्याने गठ्ठा काढला, दाराशी कचऱ्याजवळ ठेवला, आतून लाकूड पुसून लख्ख केलं आणि ड्रम बंद केला.

पायाने पहिला ठोका दिला तेव्हा खिडकीची काच थरथरली. देवळातल्या घंटेसारखा नाद उठला आणि बराच वेळ खोलीत फिरत राहिला. खालून मास्तरांची काठी लगेच वाजली. बघायला आलेला पोस्टमन म्हणाला, "वा! याने तर मेलेला माणूस उठून बसेल." लिफ्टवाल्याला अभिमानाने भरून आलं.

मावशी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आल्या. त्याच्या बायकोने त्यांना स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसवलं. तिथे तिच्या आईचं पायाने चालवायचं शिवणाचं मशीन खिडकीखाली होतं. मधे भिंत, भिंतीपलीकडे तो. चहा झाला, दार लोटून घेतलं. लिफ्टवाल्याने हात पुसले, काठ्या उचलल्या आणि वाजवायला सुरुवात केली. धप्, टक्, धप-धप्, टक्. गाळलेला ठोका गाळला. मावशींनी पत्र्यावर ऐकवलेला पुढचा तुकडाही त्याने घोटून बसवला होता. जीव ओतून वाजवलं. थांबला तेव्हा कानशिलं घामाने भिजली होती.

भिंतीपलीकडून काहीच आलं नाही.

तो उठून गेला. मावशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "छान वाजवता तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात गोडवा होता, पण तो परक्या माणसाला देतात तसला.

त्याची बायको माणसांचे आवाज ओळखून पोट भरते. ती म्हणाली, "मावशी, खरं सांगा. तोंडदेखलं आम्हाला नको."

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. "राग मानू नका हं. हात चांगला आहे. पण हा ड्रम आमच्या ह्यांचा वाटत नाही. ह्यांचा 'धप्' व्हायचा, घरात आल्यावर माणूस दार लावून घेतो ना, तसा. हा 'धंऽऽ' म्हणतो आणि दार उघडं टाकून निघून जातो."

लिफ्टवाला परत आत गेला. कातडं सैल करून पाहिलं, आवाज लोंबकळला. आवळून पाहिलं, किंचाळला. टॉवेलची घडी आत टाकली, तर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा झाला. दर वेळी पलीकडे जायचा, आणि मावशी हळूच मान हलवायच्या. उद्या ही बाई निघून जाणार. तिच्या संसाराचा आवाज तिने याच्या हाती दिला होता, आणि याने तो हरवला होता. कसा हरवला हेसुद्धा त्याला कळत नव्हतं.

शेवटी मावशीच उठून ड्रमच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. "ती उशी नीट आडवी ठेवलीत ना?"

"कसली उशी?"

"अहो, पोटातली. मी शिवलेली. हॉटेलात मालक ओरडायला लागला, याच्या घुमण्याने पेले खडखडतात म्हणून. मग मी ह्यांचा जुना कोट फाडला आणि शिवणातल्या कातरणांनी भरून एक चपटी उशी केली. कोटाचा खिसा तसाच ठेवला. ह्यांची जादाची चावी असायची त्यात. लहान ड्रमांची चावी हरवली की मोठा हाताने उघडायचा आणि आतली काढायची. दर महिन्याला हरवायचे." त्या हसल्या. "तिच्यावरच तर सगळा आवाज होता."

तो काळपट गठ्ठा लिफ्टवाल्याच्या डोळ्यांपुढे आला, दाराशी, कचऱ्याच्या डब्याजवळ. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते. "मावशी, ती मी..." एवढंच निघालं.

त्याची बायको शिवणाच्या मशीनपाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, एक विचारू? आपलं कपडे धुवायचं मशीन किती दिवसांत चालत दारापर्यंत आलं नाही, लक्षात आलंय का तुमच्या?"

ते मशीन पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं करायचं. थरथरत, आपटत, नळीच्या लांबीइतकं चालत यायचं. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं हाच वाजवतोय.

"दाराशी टाकलेला गठ्ठा मी उचलला," ती म्हणाली. "म्हटलं, एवढी मन लावून घातलेली शिवण आहे, टाकायची कशाला? झटकला, उन्हात ठेवला, प्लॅस्टिकमध्ये बांधला आणि मशीनखाली सरकवला. तेव्हापासून गरीब गायीसारखं उभं असतं. फक्त मधेच आतून टक् टक् करायचं काहीतरी. ती चावी असणार."

लिफ्टवाला न्हाणीघराकडे कसा पळाला म्हणता! दोघांनी मिळून मशीन तिरकं केलं, तिने पायाने गठ्ठा ओढला. प्लॅस्टिक सोडलं. कोरडी, जरा दबलेली, कोटाच्या करड्या कापडाची उशी. खिशात बोट घातलं तर चावी हाताला लागली. मावशींनी उशी हातात घेतली, उंदरांनी कुरतडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मशीनखाली होय? मग बरोबर. घुमणाऱ्याला गप्प करायचं, एवढंच तिला येतं. हॉटेलच्या मालकाला काही ती गप्प करू शकली नाही."

मग त्यांनी लिफ्टवाल्याच्या बायकोला विचारलं, "पण आता तुमचं मशीन परत चालायला लागेल. घरात एखादा जुना जाड कपडा आहे का?"

बायको या प्रश्नाची कितीतरी वर्षं वाट बघत असावी. ती क्षणात आत गेली आणि नवऱ्याचा कामावरचा तो जुना डगला घेऊन आली, तेलाचे डाग पडलेला, कोपरांवर झिजलेला, जो टाकू म्हटलं की तो रुसून बसायचा.

"अगं, तो नको!" लिफ्टवाला म्हणाला.

"तुम्ही जा आत," ती म्हणाली. "ड्रम वाजवा."

तो गेला. मावशींनी सांगितलं होतं तशी उशी आडवी ठेवली, खिसा पेडलच्या बाजूला, अंग कातड्याला जेमतेम टेकलेलं. चावी खिशात परत ठेवली. ड्रम बंद केला, पिळला. एक ठोका दिला.

धप्.

घरात आल्यावर दार लावून घेतल्यासारखा. काच थरथरली नाही, मास्तरांची काठीही आली नाही. हाच आवाज विहिरीत विटांमधून आला होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आवाजाचा तो गाभा भिंतीने गाळून दिला होता. गाळणी ड्रमच्या पोटातच होती, आणि ती पलीकडच्या खोलीतल्या बाईने शिवली होती.

त्याने ताल धरला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून दुसरा आवाज सुरू झाला. शिवणाचं मशीन. पायपट्टी वर-खाली, सुई डगल्याच्या जाड कापडातून धावत चाललेली. याच्या लक्षात आलं की आपण जरा घाईत आहोत. मशीन संथ होतं, पोटभर चरलेल्या बैलासारखं. त्याने आपला पाय मशीनच्या पायपट्टीला जुळवला. दोन्ही आवाज एकमेकांत बसले, जसे पाट आणि पाणी. आणि मग मशीन थांबलं. शिवण कोपऱ्याशी आली होती. मावशींनी कापड वळवायला हात घातला असणार. एवढीशी, एका ठोक्याची फट पडली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

लिफ्टवाल्याचा हात हवेत राहिला.

गाळलेला ठोका तिथेच होता. आगाऊपणा नव्हता तो. पलीकडच्या खोलीत एक बाई कापड वळवत होती आणि इकडे एक माणूस तिच्यासाठी थांबत होता. तो थांबा त्याच्या हातात इतका मुरला की हॉटेलातही गेला, विटांतून एका पोरसवद्या मदतनिसाच्या छातीत गेला, आणि तिथून गावातल्या निम्म्या लिफ्टच्या दारांवर.

उशीला चार कोपरे असतात. चारही कोपऱ्यांवर लिफ्टवाला थांबला. चौथ्यानंतर मशीन थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. दोरा तोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला असं वाटलं, किंवा त्याने तो मनाने ऐकला. तो गेला तेव्हा मावशी नव्या उशीवर हात सपाट ठेवून बसल्या होत्या, आणि त्याची बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"ते तुमच्यासाठी असे थांबायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"संसार केला मी," मावशी म्हणाल्या. "ते सगळ्यांना सांगायचे, ही माझ्या तालावर शिवते. मी कधी काही बोलले नाही. पुरुषमाणसाचा मान असतो."

मग लिफ्टवाल्याने त्यांच्या पायांना हात लावला. एवढ्या वर्षांचे राहिलेले आभार होते, शब्दांत मावले नसते. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच जरा वेळ राहू दिला. "सुखात वाजवा," त्या म्हणाल्या. "आणि दारावरची ती सही सोडू नका. कुठे कुठे वाजते ती, ते मला लेकीच्या घरी बसून आठवेल."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जायच्या आधी त्यांच्या इमारतीतली लिफ्ट त्याने स्वतः चालवून त्यांना खाली उतरवलं, आणि बाहेर पडताना दारावर वाजवलं.

आता त्याच्याकडे नवा-जुना कोणताही ड्रम आला की तो उघडण्याआधी देणाऱ्याला विचारतो, "याच्या पोटात काय असायचं? आणि घरात शेजारच्या खोलीत कोण असायचं?" लोकांना पहिला प्रश्न कळतो, दुसरा कळत नाही. तरी आठवून आठवून सांगतात. कुणाची आई असते, कुणाची रडणारी तान्ही बहीण, कुणाचे पेपर तपासणारे वडील. तो ऐकून घेतो आणि मग वाजवतो.

रविवारी तो मागच्या खोलीत बसतो. न्हाणीघरात त्याच्या डगल्याच्या उशीवर मशीन शहाण्यासारखं कपडे पिळतं. पलीकडच्या खोलीत त्याची बायको काहीतरी करत असते. हल्ली वाजवताना तो अधूनमधून हात वर धरून थांबतो.

"काय झालं?" ती तिकडून ओरडते. "काठी तुटली का?"

"नाही," तो म्हणतो. "तू काय करतेस?"

"कांदा चिरतेय."

"चीर," तो म्हणतो, आणि सुरीच्या ठोक्याला पाय जुळवतो.